गोट्या, मोती आणि उंट

"बाबा, तू लहानपणी दिवसभर बाहेर खेळायचास ते मजा यायची म्हणून, की घरात करण्यासारखं काहीच नव्हतं म्हणून?"

लेकीने विचारलं आणि माझी गाडी एकदम थांबली. शाळेने प्रकल्प दिला होता. घरातल्या मोठ्या माणसाची मुलाखत घ्यायची, 'त्यांचं बालपण आणि माझं बालपण' असा विषय. असला विषय मिळाल्यावर आपण काय सोडतो होय! अर्धा तास मी कृष्णेच्या घाटावरून खाली उतरलोच नव्हतो. विटीदांडू झाला, सूरपारंब्या झाल्या, पाठीला पत्र्याचा डबा बांधून नदीत पोहायला शिकलो ते झालं, गोट्यांत हरल्यावर कोपराने गोटी ढकलत नेताना कोपर कसं सोलून निघायचं तेही झालं. शेवटी आपलं ठेवणीतलं वाक्यही टाकलं, "तुम्हाला काय कळणार गं आमचं बालपण! तुम्ही एसीत वाढलेली मुलं." आणि त्यावर हा प्रश्न.

आई शेजारीच बसली होती. दर हिवाळ्यात ती कराडहून दोन-तीन महिने इथे शारजाला येते. ती नुसती हसली. काही बोलली मात्र नाही. ती का बोलली नाही ते नंतर कळलं, ते शेवटी सांगतो.

मी व्यवसायाने वातानुकूलन यंत्रणेचा इंजिनियर. म्हणजे साध्या मराठीत 'एसीवाला'. १९९७ साली इथे आलो, आणि या देशातल्या इमारती थंड ठेवण्यावरच माझं घर चाललं. तेव्हा 'एसीत वाढलेली मुलं' असा टोमणा मी मारणं म्हणजे हलवायाने गोडाच्या नावाने खडे फोडण्यासारखंच. पण त्या प्रश्नाने डोक्यात भुंगा सोडला. आपलं बालपण आणि मुलांचं बालपण ही तुलना आपण रोजच करतो. पण ज्या मातीत माझी मुलं वाढली, त्या मातीत याआधी मुलं कशी वाढत होती? म्हणून थोडं वाचलं, थोडं इथल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलं होतं ते आठवलं. त्याचीच ही गोष्ट.

आज संयुक्त अरब अमिराती म्हटलं की डोळ्यांसमोर काचेच्या इमारती येतात. पण हा देशच मुळी २ डिसेंबर १९७१ चा. म्हणजे माझ्याहून जेमतेम वर्षभराने मोठा! त्याआधीची दीड-दोनशे वर्षं या किनाऱ्याचं पोट मोत्यांवर चालायचं. आपल्याकडे नथीत जे 'बसऱ्याचे मोती' असतात ना, ते नावाने बसऱ्याचे. प्रत्यक्षात ते याच आखातातल्या शिंपल्यांतून निघालेले. इथून ते मुंबईच्या बाजारात जायचे आणि तिथून पुढे पॅरिस-लंडनला. काही आपल्या आज्या-पणज्यांच्या नाकात यायचे.

मोत्यांचा मुख्य हंगाम उन्हाळ्याचा, साधारण जून ते सप्टेंबर. गावातले धडधाकट पुरुष चार महिने बोटीवर. बोटीचा प्रमुख तो 'नाखुदा'. आपल्या कोकणातला नाखवा तो हाच, शब्द एकच. बुडी मारणारा वेगळा, त्याला दोरीने वर ओढणारा वेगळा. आणि या सगळ्यांच्या हाताखाली बोटीवर असायची पोरं. त्यांना म्हणत 'तब्बाब'. दहा-बारा वर्षांची ही पोरं चहा-कॉफी द्यायची, मासे पकडायची, शिंपले उघडायला मदत करायची. मोबदला म्हणजे पोटाला अन्न आणि धंद्याचं शिक्षण. पाणबुड्याच्या नाकाला चिमटा, पायाला दगड, गळ्यात जाळीची टोपली. दमाच्या जोरावर मिनिटभर किंवा थोडं अधिक पाण्याखाली राहायचं, वर यायचं, आणि दिवसभर हेच करत राहायचं. पोरं ते बघत वाढायची आणि पुढे स्वतः उडी मारायची.

बरं, यात पैसा किती? हंगामाच्या आधी पाणबुड्याला घर चालवायला उचल मिळायची. हंगाम संपला की हिशेब. मोती बरे निघाले तर उचल फिटायची, नाहीतर कर्ज पुढच्या सालावर. बाप मेला तर बऱ्याचदा ते कर्ज मुलाच्या डोक्यावर यायचं आणि ते फेडायला मुलगा त्याच बोटीवर चढायचा. मला हे वाचताना आपल्याकडचे सालगडी आठवले. ऊसतोडीची उचल आठवली. आपल्या सातारा-सांगलीच्या फडात दर वर्षी बीडकडून टोळ्या येतात. त्यांच्यातली पोरं उसाच्या चिपाडात खेळताना मी लहानपणी रोज पाहायचो. तेव्हा वाटायचं, काय मजा आहे यांची, शाळा नाही! आता लाज वाटते.

मागे राहिलेल्या बायका-मुलांचा उन्हाळा वेगळा. जमेल ती कुटुंबं किनारा सोडून अल ऐन, लिवा किंवा रास अल खैमाच्या खजुराच्या बागांत जायची. उंटावरून दिवसेंदिवस प्रवास. खजुराच्या झावळ्यांची घरं, त्यांना 'अरीश' म्हणतात. झावळ्यांमधून वारा खेळायचा. ज्यांची ऐपत होती त्यांच्या घरावर 'बरजील', म्हणजे वारा पकडून खाली सोडणारा मनोरा. एसीवाल्याच्या नजरेने सांगतो, फार हुशारीची रचना आहे. उंचावरचा वारा चारी दिशांनी पकडायचा आणि उभ्या पोकळीतून खाली खोलीत सोडायचा. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. पण बाहेर पंचेचाळीस अंश असताना वारा खेळला तरी तो पंचेचाळीस अंशांचाच असतो हो! घाम वाळतो, म्हणून बरं वाटतं, एवढंच. आणि ऑगस्टमध्ये या किनाऱ्यावर हवा अशी दमट असते की घामही वाळत नाही.

आणि खेळ? ते वाचून मी उडालोच. 'तीला' म्हणजे गोट्या. 'कराबी' म्हणजे एक पाय मागे दुमडून हाताने धरायचा आणि दुसऱ्या पायावर लंगडत प्रतिस्पर्ध्याशी झुंजायचं. आपली लंगडीच की! मुलींना झाडाला बांधलेले दोरीचे झोके. शाबान महिन्याच्या मध्याला 'हक्क अल लैला' असतो. तेव्हा मुलं नटूनथटून, गळ्यात कापडी पिशव्या अडकवून घरोघर जातात, गाणी म्हणतात आणि लोक पिशवीत दाणे-मिठाई टाकतात. हा सण आजही जोरात आहे. आमच्या इमारतीत दोन स्थानिक मुली दर वर्षी यायच्या. पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा बायको म्हणाली, "अरे, हे तर आपल्या भोंडल्याच्या खिरापतीसारखं!" शेंगदाण्याचे लाडू दिले. पुढच्या वर्षी त्या लाडूच मागायला आल्या.

शाळा म्हणजे 'मुतव्वा'. आपल्या पंतोजींचा चुलतभाऊ समजा. कुराण पाठ करायचं, थोडं लिहिणं-वाचणं, आणि छडी. त्यापुढची पायरी म्हणजे दुबईच्या देरा भागातली अल अहमदिया शाळा. १९१२ साली एका मोत्यांच्या व्यापाऱ्याने ती काढली. दुबईचे सध्याचे शासक शेख मोहम्मद लहानपणी याच शाळेत होते. प्रवाळाच्या दगडाची ती इमारत आज जतन करून ठेवली आहे. मुलं लहान असताना आम्ही ती बघायला गेलो होतो. वर्गात मास्तर आणि मुलांचे पुतळे बसवले होते. माझ्या चिरंजीवांनी विचारलं होतं, "बाबा, यांना रिसेस नव्हती का?"

मग मोत्यांचा धंदा बसला. जपानमध्ये मिकिमोतोने शिंपल्यात मोती 'पिकवायचं' तंत्र काढलं होतं. १९२० च्या दशकात ते मोती बाजारात आले आणि १९२९ च्या जागतिक मंदीने उरलंसुरलं संपवलं. मुंबईचा बाजार थंडावला. इथले व्यापारी बुडाले तशा त्यांच्या पैशांवर चालणाऱ्या शाळाही अडचणीत आल्या, काही बंद पडल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धात अन्नधान्याचा तुटवडा. इथल्या एका वृद्ध वॉचमनने, तो मूळचा या किनाऱ्यावरचाच, मला एकदा सांगितलं होतं की त्याची आई रात्री चुलीवर नुसतं पाणी उकळत ठेवायची, मुलांना वाटावं की काहीतरी शिजतंय. ही गोष्ट मी आपल्याकडे दुष्काळाच्या आठवणींतही ऐकली आहे. गरिबीच्या गोष्टी सगळीकडे सारख्याच असाव्यात.

पण खरा धक्का पुढेच आहे. १९६० साली अल ऐनला केनेडी नावाच्या अमेरिकन मिशनरी डॉक्टर दांपत्याने दवाखाना सुरू केला. शेख झायद यांनीच त्यांना बोलावलं होतं. त्या दवाखान्याच्या इतिहासात लिहिलं आहे, की तेव्हा त्या भागात जन्मलेल्या मुलांपैकी जवळपास निम्मी दगावायची. निम्मी! म्हणजे गोट्या खेळणाऱ्या दर पोरामागे एक पोर गोट्या खेळायच्या वयापर्यंत पोचलंच नव्हतं. मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

त्यानंतरचा बदल विजेच्या वेगाने झाला, आणि शब्दशः विजेमुळेही झाला. १९५३ साली शारजात कासिमिया शाळा आधुनिक पद्धतीने सुरू झाली. शिक्षक आणि पैसा पुरवायला त्या काळात कुवेतने बराच हातभार लावला. १९५९ मध्ये दुबईची वीज कंपनी स्थापन झाली. अबुधाबीतून १९६२ पासून तेल निर्यात होऊ लागलं, दुबईतून १९६९ पासून. तेलाच्या पैशातून दवाखाने, शाळा, पाणी. आज इथलं अर्भकमृत्यूचं प्रमाण हजारामागे एक आकडी आहे. एका माणसाच्या आयुष्यात निम्म्यावरून इथवर!

या सगळ्यात आपण कुठे होतो? अगदी मध्यभागी होतो. १९०९ साली दुबईत पोस्ट ऑफिस उघडलं ते हिंदुस्थानच्या टपाल खात्याचं. तिकिटंही आपलीच. बाजारात चालायचा रुपया. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापल्या, कारण सोन्याच्या चोरट्या व्यापारात आपले रुपये इथे येऊन परकीय चलन घेऊन जात होते. १९६६ साली रुपयाचं अवमूल्यन झालं आणि इथल्या राज्यांनी रुपयाला रामराम ठोकला. मुंबईहून आखातात बोटी यायच्या. त्यातली शेवटची 'द्वारका' १९८२ पर्यंत चालू होती. १९६१ साली दुबईत इंडियन हायस्कूल सुरू झालं, म्हणजे तोवर इथे आपल्या लोकांची बायका-मुलंही राहू लागली होती. वाळवंटात वाढणाऱ्या भारतीय बालपणाची ती सुरुवात.

आता एक कडू गोष्ट. ती टाळली तर हा लेख खोटा ठरेल.

मी इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात एक सहकारी मला पहाटे उंटांच्या शर्यती दाखवायला घेऊन गेला. धुकं होतं. उंट सुटले आणि मला दिसेना की त्यांच्यावर बसलंय कोण. जवळ आल्यावर दिसलं, पाच-सहा वर्षांची पोरं! पाकिस्तान, बांगलादेश, सुदान, मॉरिटानिया इथून आणलेली. वजन जितकं कमी तितका उंट जोरात पळतो. साधं गणित. इंजिनियरला लगेच कळावं असं. त्यासाठी पोरांना अर्धपोटी ठेवलं जायचं असं तेव्हा दबक्या आवाजात बोललं जायचं. पुढे ते जगजाहीर झालं. १९९३ मध्ये आणि २००२ मध्ये बंदी जाहीर झाली होती, पण पोरं दिसतच राहिली. २००५ साली मात्र खरी कारवाई झाली. मे महिन्यात युनिसेफबरोबर करार झाला, अठरा वर्षांखालच्यांना उंटावर बसवणं कायद्याने गुन्हा ठरलं आणि हजाराहून अधिक मुलं आपापल्या देशांत परत पाठवली गेली. उंटावर आता छोटा रोबोट असतो. मालक बाजूने गाडी पळवत रिमोटने त्याचा चाबूक हलवतो. बघायला गंमत वाटते. माझी मुलं ते बघून टाळ्या पिटायची. मला मात्र दर वेळी तिथे ते धुक्यातलं पोर दिसतं. मी त्या दिवशी काय केलं? काही नाही. नवा होतो, व्हिसा नवा होता, नोकरी नवी होती. फोटो काढला आणि घरी आलो. फोटो नंतर फाडून टाकला.

आणि दुसरं एक बालपण आहे, ते इथे नाहीच. ते खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धनला आहे. कोकणातल्या कित्येक घरांतला, विशेषतः मुस्लिम घरांतला कर्ता माणूस पिढ्यान्‌पिढ्या आखातात. आमच्या कंपनीत खेडचे एक फोरमन होते. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. चोवीस वर्षं ते इथे राहिले. दर दोन वर्षांनी दोन महिने गावी. त्यांनी एकदा हिशेब करून दाखवला. "साहेब, माझी थोरली पंचवीसची झाली. त्यातले दोन वर्षं मी तिच्याबरोबर राहिलो. तेपण तुकड्या-तुकड्यांत." पूर्वी ते कॅसेट रेकॉर्ड करून पाठवायचे. गावी घरातले सगळे जमून ती ऐकायचे आणि उलट बाजूने आपला आवाज भरून पाठवायचे. एकदा मुलीने कॅसेटवर विचारलं होतं, "अब्बा, तुम्ही टेपमध्येच राहता का?" चाचा हे हसत सांगायचे. ऐकणाऱ्याला हसू यायचं नाही.

कुटुंब आणायला काय अडचण? नियमांची आणि पगाराची. पूर्वी हुद्दा बघून कुटुंबाचा व्हिसा मिळायचा. मजूर, फोरमन अशा हुद्द्यांना तो मिळणं अवघडच. २०१९ पासून हुद्द्याची अट गेली, पण महिना ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहण्याची सोय, एवढी मिळकत लागते. इमारत बांधणाऱ्या गवंड्याचा पगार त्याच्या आसपासही नसतो. म्हणजे बघा, शंभर वर्षांपूर्वी या किनाऱ्यावरची पोरं चार महिने बापाची वाट बघायची. आता बिहार, केरळ, कोकणातली पोरं बावीस-बावीस महिने बघतात. समुद्र तोच, वाट बघणारं बदललं. फोनवर रोज चेहरा दिसतो ही सोय झाली खरी. पण फोनवरून पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघता येत नाही.

त्या मानाने माझी मुलं नशीबवान. बाप घरात होता. आता 'घरात' म्हणजे किती, ते विचारू नका! राहणं शारजाला, नोकरी दुबईत, आणि मधला रस्ता कसा आहे ते इथे राहिलेल्यांनाच ठाऊक. मी आलो तेव्हा आमच्यासारख्यांना सुट्टी एक, शुक्रवार. २०२२ पासून देशात शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस झाला. शारजात तर शुक्रवारही पूर्ण सुट्टीचा. म्हणजे शुक्रवारी लेक घरी आणि बाप कामावर. आयुष्यभर सुट्ट्यांचा मेळ बसवण्यात गेलं.

खेळायला अंगण नाही. जून ते सप्टेंबर बाहेर पाऊल टाकवत नाही. मॉलमध्ये तिकीट काढून तासाच्या हिशेबाने उड्या मारायच्या. शाळेला सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, त्यामुळे माझ्या मुलांनी कराडचा मे महिना कधी पाहिलाच नाही. त्यांनी गाव पाहिला तो पावसातला. चिखल, बेडूक, शेवाळलेल्या पायऱ्या आणि गढूळ फुगलेली कृष्णा, जिच्यात उतरायला सक्त मनाई. आंबे त्यांनी खाल्ले ते इथल्या सुपरमार्केटमधले. झाडावरचा आंबा दगड मारून पाडणं म्हणजे काय हे मी हातवारे करून सांगतो, तेव्हा ती माझ्याकडे उंटाच्या शर्यतीतल्या रोबोटकडे बघावं तशी बघतात.

पण त्यांच्याकडेही त्यांचं असं काही आहे, हे मला उशिरा कळलं. १८ एप्रिल १९८६ ला, शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या असताना जावेद मियाँदादने चेतन शर्माला षटकार मारला, तेव्हा मी कराडला शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर तीस-चाळीस जणांत दाटीवाटीने बसलो होतो. शारजा हे नाव तेव्हापासून छातीत बाणासारखं रुतलेलं. पुढे एप्रिल १९९८ मध्ये वाळूचं वादळ आलं आणि मग सचिनने १४३ केले, तेव्हा मी त्याच शारजाच्या स्टेडियममध्ये डोळ्यांतली वाळू चोळत उभा होतो. दोन दिवसांनी, त्याच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, त्याने पुन्हा १३४ केले. हे मी मुलांना शंभर वेळा सांगितलं. चिरंजीवांना त्याचं काही विशेष नाही. त्याला स्टेडियम आठवतं ते वेगळ्या कारणाने. त्याच्या मागच्या रिकाम्या जागेत तो, एक पेशावरी, दोन मल्याळी आणि एक फिलिपिनो मुलगा टेनिस बॉलने खेळायचे. रमजानच्या रात्री बारा वाजेपर्यंत दिव्यांच्या उजेडात. "बाबा, आमचा अंपायर पठाण टॅक्सीवाला होता. आउट दिलं की दिलं," तो सांगतो. अरेच्चा! म्हणजे याचंही अंगण होतं. मला दिसलं नव्हतं इतकंच. मी ऑफिसात होतो.

चिरंजीव इथेच जन्मला, २००३ साली. इथे जन्म झाला म्हणून इथलं नागरिकत्व मिळत नाही. आधी नियम असा होता की मुलगा अठराचा झाला की बापाच्या व्हिसावर राहू शकत नसे, शिकत असेल तर थोडी सवलत. ही मर्यादा २०२२ मध्ये पंचवीस वर्षांवर नेली. तो अठराचा झाला तेव्हा जुनाच नियम होता. पुण्याला इंजिनियरिंगला घातला. होस्टेलमध्ये सगळे विचारायचे, "गाव कुठलं?" तो म्हणायचा शारजा. "तसं नाही रे, मूळ गाव?" मग तो कराड म्हणायचा, आणि कराडबद्दल पुढे काही विचारलं की अडकायचा. मला फोनवर म्हणाला, "बाबा, तुझं गाव तरी आहे. तू गेलास की घाट तिथेच असतो. आमची बिल्डिंग पाडली. आणि उद्या तुझी नोकरी संपली की मला शारजात यायचं तर टूरिस्ट व्हिसा काढावा लागेल. स्वतःच्या लहानपणात टूरिस्ट म्हणून जायचं!"

यावर मी काय बोलणार? माझ्या बालपणात पैसा नव्हता, पण ते माझ्या नावावर होतं. याचं बालपण सगळ्या सोयींसह भाड्याचं होतं. हा सौदा मी केला, त्याला न विचारता. आपल्या आई-वडिलांनीही आपल्याला विचारलं नव्हतं म्हणा. पण ते मला घाटावर सोडून गेले, मी याला कुठे सोडून जाणार आहे, हा प्रश्न रात्री झोप उडवतो.

असो. तर लेकीच्या मुलाखतीकडे परत. तिच्या प्रश्नावर मी गप्प बसलेलो बघून तिने मोर्चा आजीकडे वळवला. "आजी, तू सांग. बाबाचं बालपण चांगलं होतं का आमचं?"

आई म्हणाली, "तुझा बाबा नदीवर गेला की तो परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. त्याला मजा यायची, मला नाही यायची. आणि त्याच्या आधी एक होती ना."

'एक होती' हे मला अंधुक ठाऊक होतं. घरात त्यावर कधी कोणी बोललं नाही. आई त्या दिवशी बोलली. १९६८ साली पहिली मुलगी झाली. दीड वर्षाची असताना, १९६९ च्या पावसाळ्यात, जुलाब-उलट्या लागल्या. मोठ्या बायकांनी सांगितलं, पोटात काही ठरत नाही तर पाणी देऊ नको. दवाखान्यात नेईपर्यंत दुसरा दिवस उजाडला. तोवर सगळं संपलं होतं.

नंतर मी वाचत बसलो. दोनच वर्षांनी, १९७१ मध्ये, बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपल्यावर मीठ, साखर वगैरे घातलेलं पाणी रोग्यांना पाजायला सुरुवात केली आणि हजारो जीव वाचले. पुढे तेच जगभर गेलं. चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर. आमच्या स्वयंपाकघरात फळीवर दोन्ही डबे होते. भारतात १९७१ साली दर हजार जन्मांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत जायची. २०२० साली हा आकडा २८ वर आला. आकडे मी रोज बघतो, पण १२९ मधला एक आमच्या घरातला असेल असं कधी मनात आलं नव्हतं. तीही वर्षाची होऊन गेली होती, म्हणजे ती तर त्या १२९ मध्येही मोजली जात नाही.

आपण म्हणतो, "आम्ही नाही का धुळीत खेळून वाढलो? आम्हाला काय झालं?" खरं आहे. पण हे म्हणायला उरले ते आपण. ज्यांना झालं, ते हे वाक्य म्हणायला नाहीत. मोत्यांच्या बोटीवरच्या गमती सांगणारा म्हातारा हा बोटीवरून परत आलेला असतो. आठवणींचा इतिहास लिहिताना एवढी एक ओळ समासात लिहून ठेवायला हवी, असं मला आता वाटतं.

म्हणून लेकीला तिचं उत्तर द्यायचा प्रयत्न केला. म्हटलं, "बाहेर खेळायचो ते घरात काही नव्हतं म्हणूनच. मजा खरी होती, पण ती आम्ही निवडलेली नव्हती. तुमच्यासाठी मी थंड हवा, स्वच्छ पाणी, लसी निवडल्या. त्या निवडल्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. अंगण मात्र द्यायला जमलं नाही. ते माझं देणं राहिलं." तिने ते लिहून घेतलं. मग आजीला विचारलं, "तिचं नाव काय होतं, आजी?"

आईने नाव सांगितलं. त्रेपन्न वर्षांच्या आयुष्यात मी ते पहिल्यांदा ऐकलं. लेकीने वहीत वंशवृक्ष काढला होता. त्यात माझ्या आणि काकाच्या चौकोनाच्या आधी तिने अजून एक चौकोन काढला, नाव लिहिलं, आणि शेजारी मराठीत 'आत्या' असं लिहिलं. त्या चौकोनात फोटो लावायला आमच्याकडे एकही नाही.

आई म्हणाली, "असू दे मोकळा." आणि उठून संध्याकाळचा दिवा लावायला गेली.